उसना ट्युबा, घरचा दमसास

स्वतःच्या पैशांनी ट्युबा विकत घेऊन मग तो शिकायला बसलेला माणूस शोधूनही सापडायचा नाही. गिटार, व्हायोलिन, तबला, पेटी ही वाद्यं आईवडील हौसेने आणून देतात आणि मुलाचं मन उडालं की ती माळ्यावर जातात. ट्युबा माळ्यावर जात नाही, कारण मुळात तो घरातच येत नाही. विद्यार्थ्यांसाठी बनवलेला तीन व्हॉल्व्हचा साधा ट्युबा नवा घ्यायचा म्हटला तरी काही लाख रुपये मोजावे लागतात. मोठ्या ऑर्केस्ट्रात वाजतो तो जर्मन किंवा जपानी बनावटीचा ट्युबा तर सहज दहा लाखांच्या पुढे जातो. वजन आठ ते बारा किलो, वर त्याची पेटी वेगळी. तरीही या वाद्याचे नामवंत वादक शेतकऱ्यांच्या, गिरणी कामगारांच्या, खाणमजुरांच्या घरांतून आलेले दिसतात. पियानोबद्दल असं सहसा म्हणता येत नाही. हे कसं जमतं, हे ज्याला कळलं त्याचा खर्चाचा प्रश्न बराचसा सुटला.

ट्युबा जन्माला आला तोच सरकारी मालमत्ता म्हणून. 12 सप्टेंबर 1835 रोजी प्रशियात त्याचं पेटंट नोंदलं गेलं. विल्हेल्म वीप्रेख्त हे लष्करी बँडचे प्रमुख आणि योहान गॉटफ्रीड मोरित्झ हे बर्लिनचे वाद्यकारागीर, अशी ही जोडी होती. मैदानात, घोड्यांच्या टापांत आणि वाऱ्यातही ऐकू जाईल असा खर्ज त्यांना हवा होता. त्याआधी हे काम सर्पंट नावाचं नागमोडी लाकडी वाद्य आणि ऑफिक्लाइड नावाचं चाव्यांचं पितळी वाद्य करायचं. दोन्ही सुरांच्या बाबतीत बेभरवशाची. वीप्रेख्त-मोरित्झ यांच्या वाद्याला पाच व्हॉल्व्ह होते आणि त्याचा मूळ सूर होता एफ, म्हणजे आपल्या पेटीवरची पांढरी चार. वाद्य पलटणीचं, फुंकणारा शिपाई. शिपाई निवृत्त झाला की वाद्य दुसऱ्याच्या खांद्यावर.

पुढे ब्रिटनमध्ये हीच रीत गिरण्यांत आणि खाणींत आली. यॉर्कशायरमधल्या क्वीन्सबरी गावचे गिरणीमालक जॉन फॉस्टर यांनी 1855 मध्ये आपल्या कामगारांचा बँड उभा केला, त्याला वाद्यं आणि गणवेश दिले. तोच ब्लॅक डाइक बँड आजही जगातल्या अव्वल ब्रास बँडांत गणला जातो. ब्रिटिश ब्रास बँडच्या ठरलेल्या रचनेत खर्जाची चार वाद्यं असतात, दोन ई फ्लॅटची आणि दोन बी फ्लॅटची. ही सगळी बँडच्या मालकीची. नवा मुलगा आला की त्याला वाद्य घरी न्यायला देतात. भाडं बहुधा नाममात्र, कित्येक ठिकाणी तेही नाही. खरं भाडं म्हणजे तालमीची हजेरी. जर्मनीत गावोगावी असलेली संगीत मंडळं असंच करतात. अमेरिकेत हे काम शाळा करते, तिथे ट्युबा शाळेच्या बँडरूममध्ये राहतो आणि बहुतेक वादकांची त्याच्याशी पहिली गाठ तिथेच पडते.

मिसुरी राज्यातल्या मॅरियनव्हिल या छोट्या गावातला हार्वी फिलिप्स असाच शाळेच्या सूझाफोनवर तयार झाला. सूझाफोन म्हणजे अंगाभोवती गुंडाळून चालता चालता वाजवायचा ट्युबा. दहा भावंडांतलं हे शेंडेफळ शाळा संपताच सर्कशीच्या बँडमध्ये नोकरीला लागलं. सर्कशीत दिवसातून दोन-दोन खेळ, प्रत्येक खेळात तासन्‌तास न थांबता वादन आणि घोडा अडखळला की त्या क्षणी चाल बदलायची. पगार घेऊन रियाज करण्याची इतकी चांगली सोय दुसरीकडे मिळाली नसती, असं मला वाटतं. तिथून तो न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड संगीतशाळेत विल्यम बेल या ट्युबावादकाकडे शिकायला गेला आणि पुढे इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक झाला. बेल यांचा जन्म नाताळच्या दिवशीचा. त्यांच्या स्मरणार्थ फिलिप्सने 1974 च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये ट्युबा आणि त्याच कुळातला युफोनियम यांचे शेकडो वादक जमवून नाताळगीतं वाजवली. तो सोहळा आता कितीतरी शहरांत दरवर्षी होतो.

पण हप्त्यांवर ट्युबा घेण्याची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट आर्नल्ड जेकब्स यांची. जन्म 1915, बालपण कॅलिफोर्नियात. पंधराव्या वर्षी त्यांना फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूटमध्ये प्रवेश मिळाला. कर्टिसमध्ये फी नसते. निवड झाली की शिक्षण मोफत. ते जागतिक मंदीचे दिवस होते, म्हणून हे महत्त्वाचं. त्यांचे गुरू फिलिप दोनातेल्ली हे फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राचे ट्युबावादक. ऑर्गनसारखा भरीव खर्ज मिळावा म्हणून मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सच्या यॉर्क कंपनीने त्या ऑर्केस्ट्रासाठी दोन अवाढव्य ट्युबा बनवले होते. त्यांतला एक दोनातेल्लींना अंगाला सोयीचा पडेना. तो त्यांनी आपल्या शिष्याला 175 डॉलरला दिला, तोही आठवड्याला पाच डॉलरच्या हप्त्याने. जेकब्स 1944 मध्ये शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्रात आले आणि 1988 पर्यंत तिथे वाजवत राहिले. ज्या ट्युबाचे हप्ते त्यांनी विद्यार्थी असताना फेडले, त्याच्या नकला आज मोठमोठ्या कंपन्या काढतात आणि त्या विकत घेण्याची ऐपत फार थोड्या वादकांची असते.

जेकब्स शिक्षक म्हणून आणखी मोठे होते. दमा आणि वय यांमुळे त्यांची स्वतःची फुफ्फुसं बरीच कमकुवत झाली होती, आणि म्हणूनच की काय, श्वासाचा बारीक अभ्यास त्यांच्याइतका दुसऱ्या कोणा वादकाने केला नसेल. त्यांच्या शिकवणीचं सार एवढंच, की डोक्यात गाणं सुरू ठेवा आणि हवा मोकळी सोडा. कुठला स्नायू काय करतो याची चौकशी वाजवताना करू नका. ट्रंपेटला हवा थोडी लागते पण दाब जास्त. ट्युबाचं उलट, दाब कमी आणि हवा ढिगाने. खालच्या सुरांत जोरात वाजवलं तर छातीभर घेतलेला श्वास काही सेकंदांत संपतो. आपल्याकडे गायकाच्या बाबतीत ज्याला दमसास म्हणतात, ती ट्युबाची पहिली परीक्षा आहे आणि तिला वाद्य लागत नाही. चार मात्रांत श्वास घ्या, चारात सोडा. मग सोडण्याच्या मात्रा आठ करा, बारा करा. खांदे वर जाता कामा नयेत, घसा जांभई देताना उघडतो तसा उघडा हवा. सुरुवातीला गरगरतं. तसं झालं की मुकाट्याने खुर्चीत बसायचं आणि नेहमीसारखा श्वास घ्यायचा. यात बहादुरी दाखवण्यासारखं काही नाही.

पहिला खर्च करायचा तो माउथपीसवर. ट्युबा उसना चालतो, माउथपीस चालत नाही, आधी स्वच्छतेसाठी आणि मग ओठांच्या सवयीसाठी. ट्युबाच्या माउथपीसच्या वाटीचा आतला व्यास 32-33 मिलिमीटर, ट्रंपेटच्या जवळजवळ दुप्पट. बाख 18 किंवा हेलेबर्ग घडणीचा माउथपीस नवशिक्याला पुरतो आणि काही हजारांत येतो. चांदीचा मुलामा, सोन्याचा मुलामा, जड घडण असल्या गोष्टींच्या नादी पहिल्या दोन वर्षांत लागू नये. नुसत्या माउथपीसवर ओठ फुरफुरवून ओळखीची गाणी वाजवायची. राष्ट्रगीत घ्या, आरती घ्या, काहीही चालेल. सूर नीट लागतोय की नाही हे इथे लपवता येत नाही, कारण मदतीला नळी नसते. बागेतला अर्ध्या इंची रबरी पाइप आणि एक नरसाळं मिळालं तर त्याला माउथपीस खुपसून पाहा. आवाज भलताच दमदार येतो. सूर मात्र वेडेवाकडे येतात, कारण स्वरांच्या पायऱ्या जागेवर बसवण्याचं काम ट्युबाची हळूहळू रुंद होत जाणारी नळी आणि भोंगा करतात. पाइप फक्त ओठ आणि श्वास यांच्या कसरतीपुरता.

आता ती नळी. बी फ्लॅटच्या, म्हणजे काळी पाचच्या मोठ्या ट्युबाची सगळी वेटोळी सरळ केली तर ती सुमारे साडेपाच मीटर भरतात. कुठलाही व्हॉल्व्ह न दाबता, फक्त ओठांचा ताण बदलून तीतून एक ठरलेली माळ निघते: सा, वरचा सा, प, सा, ग, प, थोडा उतरलेला कोमल नि, सा. तानपुरा जुळला की न छेडलेला गंधार ऐकू येतो, तो याच माळेतला. या माळेतला सर्वांत खालचा सा सेकंदाला 29 कंपनांचा, पियानोच्या शेवटच्या पट्टीच्या अगदी शेजारचा. नवशिक्याने तिथे जाऊ नये. दुसऱ्या सावर मुक्काम करावा. ज्याने पहाटे उठून खर्जाचा रियाज केला आहे त्याला इथे नवीन काही सांगावं लागत नाही. एक सूर, एक श्वास, सुरुवातीपासून शेवटपर्यंत हलता कामा नये. फोनवरचं फुकट तानपुरा ॲप काळी पाचवर लावून ठेवावं आणि त्याच्याशी सूर मिळवावा. सुई दाखवणाऱ्या ट्यूनरपेक्षा मला हा मार्ग बरा वाटतो, कारण सुईकडे पाहणाऱ्याचे डोळे तयार होतात, कान नाहीत.

माळेतल्या मधल्या जागा भरायला व्हॉल्व्ह. दुसरा व्हॉल्व्ह दाबला की अर्धा स्वर खाली, पहिला दाबला की एक स्वर, तिसरा दाबला की दीड. प्रत्येक व्हॉल्व्ह नळीला जादा तुकडा जोडतो. गोम इथेच आहे. अर्धा स्वर उतरायला नळी सुमारे सहा टक्के लांब व्हावी लागते. साडेपाच मीटरला दुसऱ्या व्हॉल्व्हचा सुमारे 33 सेंटिमीटरचा तुकडा बरोबर पुरतो. पण पहिला व्हॉल्व्ह आधीच दाबलेला असेल तर नळी सव्वासहा मीटरच्या जवळ पोचलेली असते; आता तिचे सहा टक्के म्हणजे जवळपास 37 सेंटिमीटर हवेत आणि तुकडा तर तोच 33 चा. तिन्ही एकदम दाबले तर जवळजवळ 24 सेंटिमीटरची तूट पडते आणि सूर चांगलाच चढतो. 1874 मध्ये डेव्हिड ब्लेकली या इंग्रज तंत्रज्ञाने यावर तोड काढली: ठरावीक व्हॉल्व्ह एकत्र दाबले की हवा आपोआप आणखी एका छोट्या तुकड्यातून फिरावी. ही सोय असलेले ट्युबा महाग असतात. चौथा व्हॉल्व्ह हा मधला मार्ग. पहिला आणि तिसरा मिळून दाबण्याऐवजी चौथा एकटा दाबला की सूर बराच जागेवर येतो. म्हणून हौसेपलीकडे जायचं असेल तर वाद्य चार व्हॉल्व्हचं बघावं. शाळेचा तीन व्हॉल्व्हचा ट्युबा हाती आला तरी रडायचं कारण नाही. डाव्या हाताने पहिल्या व्हॉल्व्हची स्लाइड, म्हणजे आत-बाहेर सरकणारा नळीचा तुकडा, वाजवता वाजवता बाहेर ओढायची सवय करावी. कान तयार असेल तर हात आपोआप जातो.

वह्या-पुस्तकांवर फारसा खर्च होत नाही. ट्युबावादकांचं रोजचं अन्न म्हणजे मार्को बोर्दोन्यी या एकोणिसाव्या शतकातल्या इटालियन गायकाने आपल्या शिष्यांना घातलेले गळ्याचे अभ्यास. ट्रॉम्बोनवादक योहानेस रोशू यांनी ते ट्रॉम्बोनसाठी मांडले. बोर्दोन्यींच्या मूळ रचना स्वामित्वहक्कातून केव्हाच मोकळ्या झाल्या आहेत, तशाच हॉर्नसाठी लिहिलेल्या कोप्राशच्या आणि कॉर्नेटसाठी लिहिलेल्या आर्बांच्याही. इंटरनेटवर त्या विनामूल्य मिळतात. ट्युबासाठी सप्तक खाली उतरवून वाजवायच्या. स्वतः ट्युबासाठी लिहिलेलं मोठं संगीत फार उशिरा आलं. रॅल्फ व्हॉन विल्यम्सचा ट्युबा कन्चेर्टो 1954 चा, हिंडेमिथचा सोनाटा 1955 चा.

रियाज कुठे करायचा हा शहरातला खरा अडसर. उंच सूर भिंतीत बराचसा अडतो, खर्ज स्लॅबमधून थेट खालच्या मजल्यावर उतरतो. भोंग्यात बसवायचा म्यूट मिळतो, पण त्याने फुंकर अडते आणि सूरही किंचित सरकतो. रात्री बोटं बसवण्यापुरता तो ठीक; रोज तोच वापरला तर आवाज कोंडतो. शाळा सुटल्यानंतरचा वर्ग, देवळाचा किंवा चर्चचा हॉल, टेकडी, मैदान असं काहीतरी गाठावं. आणि शेजाऱ्यांना वेळ आधी सांगावी. रोज ठरलेल्या वेळी अर्धा तास होणारा आवाज लोक सहन करतात, अवेळी पाच मिनिटं झालेला करत नाहीत.

महाराष्ट्रात हे वाद्य हाती यायचं तर ते बँडवाल्यांकडूनच. आपल्या मिरवणुकीच्या बँडांत चाल असते ती क्लॅरिनेट, ट्रंपेट आणि युफोनियमची. पुढे डौलाने चाललेला सूझाफोन कित्येकदा शोभेपुरताच असतो, खर्जाचं काम ढोल-ड्रम उरकतात. याचा फायदा असा, की युफोनियम कुठल्याही बऱ्या बँडमध्ये सापडतो. तो ट्युबाचाच धाकटा भाऊ, बी फ्लॅटच्या ट्युबाहून बरोबर एक सप्तक वर. व्हॉल्व्हची बोटं तीच, नळीही तशीच रुंदावत जाणारी. पहिलं वर्ष त्यावर काढलं तर काहीही वाया जात नाही. बँडमास्तरांना लग्नसराई संपल्यावर, पावसाळ्याच्या तोंडाशी भेटावं. तेव्हा त्यांना फुरसत असते आणि वाद्यं पेटाऱ्यात पडून असतात. पोलीस किंवा लष्करी बँडमधून निवृत्त झालेले वादक नोटेशन वाचायला पक्के असतात, त्यांच्याकडे महिन्यातून दोन तास मिळाले तरी पुष्कळ. गोव्यात फेस्ताला वाजवणारे गावोगावचे बँड आहेत आणि चर्चच्या शाळांतून नोटेशन शिकवण्याची परंपरा पिढ्यान्‌पिढ्यांची आहे; तिथल्या मुलाला हे दार आधीपासूनच उघडं आहे.

उसन्या वाद्याची निगा मात्र स्वतःच्या वाद्याहून जास्त ठेवावी लागते. व्हॉल्व्हला व्हॉल्व्हचंच पातळ तेल घालायचं. काही जण खोबरेल घालतात. डिसेंबरात ते गोठतं आणि व्हॉल्व्ह जागीच बसतो. स्लाइडला ग्रीस. महिन्या-दोन महिन्यांनी कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने आतून धुवावं, पण रोटरी, म्हणजे दट्ट्याऐवजी गोल फिरणारे व्हॉल्व्ह स्वतः उघडू नयेत. नळीतून पाणी गळतं ते बहुतांशी श्वासातली वाफ थंड होऊन झालेलं असतं, त्याला थुंकी म्हणून नाक मुरडू नये. लॅकर चढवलेल्या पितळेला चिंच किंवा भांडी घासायची पूड लावू नये. चकाकी एक दिवस येते आणि लॅकर कायमचं जातं.

दोन-तीन वर्षांनी स्वतःचा घ्यावासा वाटला तर जुना घ्यावा. मेरठच्या जली कोठी भागात इंग्रजी अमदानीपासून बँडची वाद्यं बनतात आणि ती परदेशी मालाच्या मानाने खूपच स्वस्त पडतात. त्यांतली बरीच मिरवणुकीसाठी घडवलेली असल्याने तानपुरा ॲप सोबत नेऊन प्रत्येक सूर तपासावा. जुन्या वाद्याची खरी परीक्षा व्हॉल्व्हची. व्हॉल्व्ह न दाबता त्याची स्लाइड बोटभर बाहेर ओढा आणि पाच-सहा सेकंद थांबा. मग व्हॉल्व्ह दाबा. बाटलीचं बूच उडाल्यासारखा ‘टप्प’ आवाज आला तर हवा टिकतेय, व्हॉल्व्ह घट्ट आहे. काहीच आवाज आला नाही तर आधी तेल घालून पुन्हा पाहा, कारण कोरडा व्हॉल्व्हही फसवतो. काही महागड्या ट्युबांत हवेसाठी मुद्दाम बारीक छिद्र ठेवलेलं असतं, तिथे हा आवाज येणार नाही. तेवढं विचारून घ्या. माउथपीसलगतच्या नळीवर गुलाबी ठिपके आणि मध्ये काळं टिंब दिसलं तर पितळेतलं जस्त झडायला लागलंय असं समजावं. तेवढी नळी बदलता येते, पण किमतीत ते वळतं करून मागावं.

भोंग्याला पोचे असतील, रंग उडाला असेल, कोणा जुन्या बँडचं नाव वर कोरलेलं असेल, तर खुशाल घ्या; आवाजाला फरक पडत नाही आणि भाव निम्म्यावर येतो. व्हॉल्व्ह झिजलेला ट्युबा मात्र कोणी फुकट देऊ केला तरी घरी आणू नका. ते व्हॉल्व्ह पुन्हा मुलामा देऊन बसवण्याचा खर्च जुन्या वाद्याच्या किमतीलाही भारी पडू शकतो.